तेजी-मंदीची लाट आणि आपली लागण



निकोलाय कोंद्रातिएव्ह या रशियन अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका येथील भाव, मजुरी, व्याज यांचे जुने आकडे मांडून सांगितले की, जगाचा आर्थिक गाडा पन्नास-साठ वर्षांच्या लाटेने वर चढतो आणि खाली येतो. स्टालिनच्या राजवटीत 1938 मध्ये त्याला गोळी घातली गेली. त्याच्या लाटांबद्दल जाणकारांत अजून एकमत नाही. आम्ही तर शेतकी पदविकेवर फडात फिरणारी माणसे. त्या वादात आम्ही पडत नाही.

पण साखरेची लाट आपल्या परिचयाची आहे. नोव्हेंबर 1974 मध्ये जागतिक बाजारात साखर पौंडाला 65 सेंटपर्यंत गेली आणि 1985 मध्ये तीच तीन सेंटांच्या खाली आली! भाव चढला की जो तो लागण वाढवतो. आडसाली तुटायला सोळा-अठरा महिने, त्यावर खोडवा. ऊस काट्यावर येतो तोवर भाव भलतीकडेच गेलेला असतो. शिवाय धोरणाची लहर वेगळी. 2021-22 मध्ये देशाने शंभर लाख टनांहून अधिक साखर निर्यात केली. 2023-24 मध्ये निर्यात बंद, आणि डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही निर्बंध आले.

मग बाजाराच्या बाहेरच राहिलेले बरे, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा घाट उतरून पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याला जाऊन यावे. भात, नागली, वरई पिकते ती खाण्यापुरती. विकायला फारसे काही नाही, म्हणून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे निघतात. 1991 मध्ये देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, पुढे वाढीचे आकडे चढत गेले. त्याच सुमारास, 1992-93 मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने कामे थांबली, तेव्हा मजुरांना पायी घर गाठावे लागले. म्हणजे तेजी तिथवर पोचली नाही, मंदी मात्र बरोबर पोचली.

पाण्याचेही तेच. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. मोखाडा तालुक्यातले मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये झाले. त्याचे पाणी जाते मुंबईला. आपल्याकडेही तेजीचा पैसा असाच वाहून जातो की नाही? हप्ता चांगला निघाला की मोटारसायकल, लग्नाचा मांडव, आणि पुढच्या साली सोसायटीचे कर्ज नवे-जुने!

आमचे मत स्पष्ट आहे. बाजारात राहावे, पण सगळे रान उसाखाली घालू नये. ऊस विकास अधिकाऱ्यानेच असे लिहावे याचे काहींना नवल वाटेल. गाळपाला ऊस हवाच. पण एक साल शिल्लक उसाचे आणि दुसरे टंचाईचे, हे कारखान्यालाही परवडत नाही. चौथा हिस्सा रान हरभरा, बाजरी, सोयाबीनला द्या; जमिनीलाही विसावा मिळेल. भावाच्या वर्षी हप्त्यातला काही भाग ठेवीत टाका. जग पुढे किती वाढणार याचा अंदाज मोठमोठ्यांचे चुकतात, आपण तरी त्यावर लागण का करावी?

जुलैत आडसालीच्या नोंदीला आमचा माणूस बांधावर येईल. गेल्या वर्षीचा हप्ता आठवून क्षेत्र सांगू नका. विहिरीचे पाणी, घरचे धान्य आणि डोक्यावरचे कर्ज आधी बघून घ्या. नोंदीला एक दिवस उशीर झाला तरी चालेल.