वर्गणी इमारतीची की आमची?

फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणावरचा एक लेख हवा होता. १६१६ साली साष्टीत छापलेल्या मराठी पुराणाबद्दल वाचायला परदेशी जर्नलच्या दारात उभं राहावं लागतं, ते असो. कॉलेजने वर्गणी भरलीय, तरी लायब्ररीतसुद्धा दार बंद! नेटवाला बदलला तसा कॉलेजचा आयपी बदलला, आणि जर्नलची साइट आयपी बघूनच ओळखते. नवा कळवताना आणखी घोळ: कॉम्प्युटरवर दिसणारा, १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता पाठवला. तो आतला, घरोघरच्या राउटरमागे असलेच पत्ते असतात. बाहेर दिसणारा, तोही कायम एकच राहणारा पत्ता लागतो. तो गेला, तेव्हा कुठे दार उघडलं.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. घरी मोबाइल डेटावर माझा आयपी मोबाइल कंपनीचा, म्हणजे मी परकी. इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट नाव-पासवर्डावर घरूनही चालतं. मग बाकीच्या जर्नलांसाठी कॉलेजने प्रॉक्सी लॉगिन का लावू नये? माझा तास साडेचारला संपतो, लायब्ररी पाचला बंद होते, आणि गावाकडची कदंब सव्वापाचला सुटते.