विश्वचषक आणि चूल

सामना ज्या देशाचा, त्या देशाचा पदार्थ घरी रांधावयाचा, ही हौस फुटबॉलच्या विश्वचषकाबरोबर आपल्याकडील काही घरांतही शिरली आहे. तिला परकीयांचे अनुकरण म्हणून हिणवण्याचे कारण नाही. अर्जेंटिनाची एम्पनाडा ही आपल्या करंजीचीच तिखट बहीण. मेक्सिकोची मक्याची तोर्तिया भाकरीच्या नात्यातली. शिवाय ज्या बटाट्यावाचून आपला उपवास पार पडत नाही, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि त्याचे नावही पोर्तुगिजांकडून आलेले! चुलीने देशांच्या सीमा कधीच मानल्या नाहीत.

प्रश्न निराळाच आहे. २०२२ च्या कतार येथील स्पर्धेत काही सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होत. अशा वेळी बाहेरच्या खोलीत जल्लोष चालतो आणि एम्पनाडा तळणाऱ्या गृहिणीला गोल झाल्याचे केवळ आरडाओरड्यावरून कळते. तिच्या या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. मोलकरणीशी मालकाने विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिली होती. २०१९ च्या केंद्रीय पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवीत, पुरुष ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शेकडा सव्वीसच!

हौस अवश्य करावी. मात्र पीठ मळण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे आधी वाटून घ्यावीत. अकराजणांचा खेळ पाहताना एकटीलाच राबविणे शोभत नाही.