आजोबांना जिंकू देऊ नका
अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आपण इतके जपतो, की पाण्याचा पेलाही त्याच्या ओठाला आपणच लावतो. माया खरी, पण उपचार उलटा. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेला भाग त्याचे काही काम शिकू शकतो; फक्त ते त्याच्याकडून शेकडो वेळा करून घ्यावे लागते. व्यायाम म्हणून दहादा मूठ वळली की कंटाळा येतो. डाव रंगला की तीच मूठ शंभरदा वळते. खेळाची ही ओढ ओळखून डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याला इजा झालेल्यांच्या हाती धनुष्यबाण दिले. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकून आले. आता शहरांत पडद्यासमोर हात हलवून खेळायचे महागडे संच मिळतात. न्हावऱ्यासारख्या गावात उसाच्या फडातून किंवा साखर कारखान्यातून घरी बसलेल्या माणसाला त्यासाठी रोज पुणे गाठणे कसे परवडावे? पण सागरगोटे, सोंगट्या, भिंतीवर टाकून झेलायचा चेंडू गावात आहेच. कोणता खेळ, किती वेळ, कशाच्या आधाराने, हे फिजिओथेरपिस्टकडून नीट ठरवून घ्यावे आणि नातवंडांना बजावावे: आजोबांना मुद्दाम जिंकू देऊ नका.