भरतीची वीज आणि घाटावरचे पाणी

पावसाळा तोंडावर आला की मोठ्या भरतीच्या दिवसांचे कोष्टक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते आणि लोअर परळ, करी रोड भागात ते पंचांगाइतक्याच गांभीर्याने वाचले जाते. समुद्र साडेचार मीटरच्या वर चढला आणि त्याच घटकेला मुसळधार पाऊस कोसळला, तर पर्जन्यवाहिन्यांची तोंडे अडतात आणि हाजीअली व लव्हग्रोव्ह येथील पंपांना पाणी समुद्रात फेकावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत महालक्ष्मी-वरळीचा बांध पुरा होईपर्यंत इथल्या सखल भूमीवर भरतीचे पाणी पसरत असे. ती भूमी आपली झाली हे समुद्राने अद्याप पुरते मान्य केलेले दिसत नाही! तेव्हा ज्या भरतीला परतविण्यासाठी आपण वीज खर्च करतो, तिच्यापासूनच वीज का मिळवू नये, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर तो प्रश्न वेडगळ म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर मात्र निराशाजनक आहे. बांध घालून भरतीचे पाणी कोंडले, तर त्यातून मिळणारी ऊर्जा भरती-ओहोटीतील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर निम्मे झाले की ऊर्जा चौथाईवर येते. १९६६ साली फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी २४० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले, तेथे हे अंतर सरासरी आठ मीटर आहे. मुंबईत उधाणाचे मोजके दिवस सोडले तर ते चार मीटरांहून कमीच भरते. दक्षिण कोरियाने २०११ साली सिहवा येथे २५४ मेगावॉटचे केंद्र सुरू केले खरे, परंतु तेथील समुद्रभिंत आधीच बांधलेली होती. आपल्याकडे खंबायतच्या आखातात भरती अकरा मीटरपर्यंत चढते, म्हणून आशा तिकडे लागलेली असते. तथापि कच्छच्या आखातातील ५० मेगावॉटची योजना २०११ मध्ये गाजून पुढे विरली. सुंदरबनातील पावणेचार मेगावॉटची छोटी योजनाही खर्चापायी सोडून द्यावी लागली. शिवाय आपल्या खाड्यांत बांध घालायचा म्हणजे कोळ्यांची मासेमारी आणि तिवरांची वने यांच्यावर घाला घालायचा. मुंबईपुरते तरी हे स्वप्न बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

वस्तुतः निसर्गाच्या बळावर मिळणारी वीज लोअर परळला नवीन नाही. येथील गिरण्या आरंभी कोळशाच्या वाफेवर चालत आणि त्यांची धुराडी आभाळ काळे करीत. सह्याद्रीवरच्या पावसाचे पाणी अडवून त्यावर वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे साठविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून ही वीज काढली जाते. पुढे भिवपुरी आणि भिरा यांची भर पडली. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द कोणाच्या जिभेवर येण्याच्या कितीतरी आधी लोअर परळचे माग डोंगरातल्या पावसावर फिरत होते.

या कथेचा दुसरा भाग मुंबईत फारसा सांगितला जात नाही. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण झाले आणि तेथील मावळ्यांची भातखाचरे व घरे पाण्याखाली गेली. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा मोडला आणि पुढे धरण पुरे झाले. मुळशी खोऱ्यात जमिनीच्या हक्कांविषयीची कुरकुर शंभर वर्षांनंतरही ऐकू येते. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी विजेसाठी कोकणात सोडावे काय, हा वाद तर आहेच. गिरण्यांना स्वस्त वीज मिळाली, गिरणी कामगाराला रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बिलाचा एक भाग कोणी भरला, तेही नाकारता येत नाही.

आज याची आठवण करण्याचे कारण आहे. सूर्याची वीज दिवसा मिळते, शहराची मागणी मात्र सूर्यास्तानंतरही उतरत नाही. म्हणून दिवसाच्या जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची, असा उपाय पुढे आला आहे. चार युनिटे खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात, तरी तो उपयोगाचा आहे. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरोता येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी करार झाला. मुंबईची उन्हाळ्यातील मागणी ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते आणि तीनही जुनी जलविद्युत केंद्रे मिळून ४४७ मेगावॉटची आहेत, हे पाहता या आकड्यांचे महत्त्व कळते. भरतीपेक्षा हा मार्ग निश्चितच व्यवहार्य आहे आणि आमचा त्याला विरोध नाही.

परंतु नावे पाहा. पुन्हा तेच डोंगर आणि तेच मावळ. गिरण्यांच्या जागी आता काचेच्या कचेऱ्या आणि बाजार उभे आहेत. त्यांतील वातानुकूलन यंत्रे दिवसभर घरघरत असतात. बसक्या चाळीच्या छपरावर सौर तावदानांना निदान जागा तरी होती. चाळीच्या जागी चाळीस मजले चढले की गच्ची तेवढीच राहते आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या व लिफ्टची यंत्रे बसतात. इमारतींना परवानगी देताना विजेच्या वापराची मर्यादा घालण्याचा विचार महापालिकेने का करू नये? आणि घाटमाथ्यावर किती जमीन व वन जाणार, कोणत्या वाड्यांना हलावे लागणार, पाणी कोणत्या खोऱ्यातून उचलले जाणार, याचा तपशील काम पुढे नेण्याआधी मराठीत छापून गावोगावच्या ग्रामसभांपुढे ठेवला पाहिजे. १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. या वेळी सरकारने तेथूनच आरंभ करावा.