बागेतला मोकळा कुत्रा आणि 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ



कुत्र्यांवर लेख लिहायला घेतला आहे असे सांगितल्यावर आमच्याच काही साथींनी नाक मुरडले. उपवर्गीकरणावर लिहा, शिष्यवृत्तीवर लिहा, कुत्रीबित्री हा टॉवरवाल्यांचा विषय आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्हाला हे मान्य नाही. कुत्रा टॉवरवाल्यांचा असेल, पण बाग महापालिकेची आहे. म्हणजे ती आपलीही आहे. आणि सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला परका कधीपासून झाला? आपल्या लढ्याची सुरुवातच एका तळ्यापासून झाली आहे.

प्रश्न साधा आहे. पाळीव कुत्र्याला सार्वजनिक उद्यानात साखळी काढून मोकळे सोडू द्यावे का? आमचे उत्तर आहे, नाही. पण हे उत्तर देताना आपली भाषा कोणती असावी, याबद्दल आम्हाला जास्त बोलायचे आहे. कारण या 'नाही'ला दोन वाटा फुटतात आणि त्यातली एक वाट आपली नाही.

आधी आम्ही काय पाहतो ते सांगतो. पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आम्ही अभ्यासिका चालवतो. खोली दहा बाय बाराची. त्यामुळे पोरे संध्याकाळी शेजारच्या पालिका उद्यानात जायची, तिथे पळायची, पाढे म्हणायची. वर्षभरापूर्वी बागेसमोर मोठी इमारत झाली आणि बागेत मोकळे लॅब्राडोर, हस्की येऊ लागले. एकदा दुसरीतल्या एका मुलाच्या अंगावर कुत्रा धावून गेला, मुलगा पडला, गुडघा फुटला. मालक लांबूनच म्हणाले, "काही करत नाही तो, फक्त खेळतोय." मग रखवालदार आला आणि त्याने कोणाला बाहेर काढले? पोरांना. "आरडाओरडा करता म्हणून कुत्रा बिथरतो." त्या दिवसापासून निम्मी पोरे बागेत जात नाहीत. बागेला कुलूप नाही, दारावर बंदीची पाटी नाही. उलट 'कुत्र्यांना साखळीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटीच आहे. ती वाचणारा कोणी नाही, इतकेच.

कागदावरचा हक्क आणि पायाखालची जागा यांतले अंतर आपल्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावे लागले, आणि त्यासाठी बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तिथे चालत जावे लागले. त्याच तळ्यावर गुरेढोरे, कुत्री पाणी पीत होती. माणूस प्यायला तेव्हा ते शुद्ध करायला पंचगव्याचे 108 घडे ओतले गेले. कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्याकडे महाडचा दाखला हमखास दिला जातो. तो द्यावाच. पण त्यातून कुत्र्याचा द्वेष काढणे म्हणजे महाडचा अर्थच न कळणे होय. तिथे दोष पाणी पिणाऱ्या जनावराचा नव्हता, माणसाला जनावरापेक्षा खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता. बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरी कुत्रा होता. राजगृहातले 1934 चे कुटुंबाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. रमाई, यशवंतराव यांच्यासोबत त्यात टॉबीही आहे. पुन्हा एकदा नीट बघा.

आता मोकळ्या कुत्र्याच्या बाजूने काय सांगितले जाते ते पाहू. कुत्र्याला धावण्याची गरज असते, सतत आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, असे म्हणतात. हे खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखलाही दिला जातो. तिथे सकाळी 6 ते 9 आणि रात्री 9 ते 1 या वेळात ठरावीक भागांत कुत्री मोकळी सोडता येतात. पण तिथे कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस लागते, हे सांगायला आपले मित्र विसरतात. शिवाय सेंट्रल पार्क 843 एकरांचे आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरसुद्धा भरत नाही. केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे 10 ते 12 चौरस मीटर अपेक्षितात. सकाळी 6 ते 9 ही आपल्याकडे म्हाताऱ्यांची चालण्याची, झाडूवालीची झाडण्याची आणि रात्रपाळीहून आलेल्या कामगाराची बाकावर टेकण्याची वेळ आहे. इतक्या दाटीत एकाचे मोकळेपण म्हणजे दुसऱ्याची माघार. 'माझा कुत्रा चावत नाही' ही मालकाची खात्री असेल, पण त्या खात्रीची परीक्षा दुसऱ्याच्या पोराच्या पोटरीवर घ्यायचा अधिकार त्याला कोणी दिला?

चावल्यानंतर काय होते, तेही वर्गावर्गाप्रमाणे वेगळे आहे. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते. वस्तीत पाणी तासभरच येते, हे इथे लक्षात घ्या. मग लसीचे चार-पाच डोस, ठरलेल्या दिवशीच. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, पण प्रत्येक डोसला आईचा एक रोज बुडतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळपास वाचतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के एकट्या भारतात होतात आणि त्यात मुलांचा वाटा मोठा असतो. यातला बहुतेक धोका लस न टोचलेल्या कुत्र्यांचा आहे, टॉवरमधल्या लॅब्राडोरचा नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पोराला चावणारा कुत्रा लसीचे कार्ड गळ्यात घालून येत नाही.

आणि आता विष्ठेबद्दल. हा मुद्दा इंग्रजी लेखांत एका ओळीत संपतो, आम्ही तो एका ओळीत संपवणार नाही. साखळी सुटलेला कुत्रा झाडामागे जाऊन घाण करतो, मालक मोबाइलमध्ये असतो. ती घाण कोण उचलते? कंत्राटावरची सफाई कामगार बाई. ती कोणत्या समाजातली असते, हे आपल्याला सांगायची गरज नाही. साखळी हातात असली तर कुत्रा कुठे बसला हे मालकाला दिसते, आणि दिसले की पिशवी काढावी लागते. साखळी ही फक्त चावण्यापासूनची सुरक्षा नाही. आपल्या जनावराची घाण आपण उचलायची, ती जन्माने ठरलेल्या दुसऱ्या कोणाकडे ढकलायची नाही, हा त्यातला खरा मुद्दा आहे. दुसऱ्याची घाण उचलणे हे ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्या लेकरांनी तरी या प्रश्नाला क्षुल्लक म्हणू नये.

आणखी एक दृश्य आम्ही रोज पाहतो. साहेबांचा कुत्रा फिरवायला बहुतेक वेळा साहेब येत नाहीत, घरकाम करणारा पोरगा येतो. कुत्रा सोबत असेल तोवर त्याला बागेत कोणी हटकत नाही. तोच पोरगा सुट्टीच्या दिवशी मित्रांसोबत हिरवळीवर बसला की रखवालदार काठी आपटत येतो. अनेक सोसायट्यांत नोकर, डिलिव्हरीवाले आणि पाळीव प्राणी यांना एकच वेगळी लिफ्ट असते. समाजशास्त्राच्या पुस्तकात अशुद्धतेची कल्पना शिकायला आम्हाला एक सत्र लागले होते. ही लिफ्ट ती दोन मिनिटांत शिकवते.

पण मित्रांनो, इथेच ती दुसरी वाट सुरू होते आणि तिथे आपण सावध राहिले पाहिजे. 'कुत्री हटवा, बाग स्वच्छ करा' अशी मोहीम निघाली की तिच्यात उत्साहाने सामील होणारे लोक कोण असतात ते बघा. यांनीच काल फेरीवाले हटवले, परवा कचरावेचक बायांना गेटवर अडवले. 'अस्वच्छ जीव नकोत' ही भाषा कुत्र्यावर थांबत नाही. वस्तीतली भटकी कुत्री विष घालून मारण्याचे प्रकार आपल्याकडेही होतात, आणि पंचशील घेतलेल्या घरातून त्याला मूक संमती मिळते, हे लाजिरवाणे आहे. पहिले शील आपण फक्त वंदनेपुरते म्हणतो का?

पाली साहित्यात कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. बोधिसत्त्वाचे पूर्वजन्म वगैरे आम्ही मानत नाही, पण गोष्ट म्हणून ती फार उपयोगी आहे. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. बाहेरची कुत्री आली असणार असे ठरवून राजाने नगरातली सगळी कुत्री मारायचा हुकूम दिला. राजवाड्यातली जातिवंत कुत्री तेवढी वगळली. स्मशानात राहणारा एक कुत्रा दरबारात गेला आणि त्याने राजाला विचारले, चामडे कोणी खाल्ले हे तपासले का? वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजले, तेव्हा त्यांच्या पोटातूनच चामडे बाहेर पडले. आजचे हुकूम यापेक्षा फार वेगळे नाहीत. केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 वाणांच्या कुत्र्यांवर बंदीचे परिपत्रक काढले, म्हणजे जन्मावरून धोका ठरवला. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात ते रद्द केले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत कोंडायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत मोठ्या पीठाने तो बदलला: नसबंदी, लसीकरण करून जिथून उचलले तिथेच सोडा, फक्त रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. नोव्हेंबरात पुन्हा शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितले. या सगळ्यात चर्चा झाली ती भटक्या कुत्र्यांचीच. साखळी सोडणाऱ्या मालकाबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

म्हणून आमची भूमिका बंदीची नाही. बागेत कुत्रा यावा, साखळीसह यावा. नियम हा वर्तनाचा असावा, कोणाच्या जन्माचा नको, आणि तो साखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या माणसाला लागू व्हावा. कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या जनावरापासून इतरांच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईत पाळीव कुत्र्याचा पालिका परवाना सक्तीचा आहे. कुत्र्यांना मोकळे धावायला कुंपण घातलेली वेगळी जागा हवी असेल, तर तीही द्यावी. वांद्र्याच्या कार्टर रोडला अशी जागा आहे. अट एकच: ती मुलांच्या खेळाच्या भागातून कापून काढू नये, आणि तिचा खर्च परवाना शुल्कातून निघावा.

तुमच्या वॉर्डात करता येण्यासारखे काम असे आहे. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा: वॉर्डात कुत्र्यांचे परवाने किती आहेत, गेल्या वर्षात साखळी नसल्याबद्दल किती जणांवर कारवाई झाली, आणि जवळच्या दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिन किती दिवस उपलब्ध नव्हते. उत्तर मिळाले की उद्यान अधीक्षकांकडे जाताना मुलांच्या आयांना आणि बागेतल्या सफाई कामगारांना सोबत घ्या, निवेदनावर पहिल्या सह्या त्यांच्याच असू द्या. आम्ही आमच्या वॉर्डात अर्ज टाकला आहे. मुदत तीस दिवसांची आहे.