यादीत नसलेलं बसणं

माणसाची हालचाल जिवंत असते, ती संगणकाच्या रेघांत मावणार नाही, असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. भोपाळकराने तरी हे म्हणू नये. इथून साधारण 45 किलोमीटरवर भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 साली उजेडात आणलेल्या त्या शैलाश्रयांत हातात हात गुंफून नाचणारी माणसं रंगवलेली आहेत. चार-दोन रेघांचं अंग, चेहऱ्याचा पत्ता नाही. तरी नाच पाहताक्षणी कळतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये प्रयोगाने हेच दाखवलं. अंधारात सांध्यांवर दिवे लावलेला माणूस थांबला की नुसते ठिपके दिसतात, चालू लागला की माणूस दिसतो. आजचा संगणकही खांदे, कोपरं, गुडघे हेरून असाच सांगाडा काढतो. ही वाट खरी आहे.

माझं भांडण आहे ते 'नमुने वाढवा, यंत्र सगळं ओळखेल' म्हणणाऱ्यांशी. हालचाली ओळखायला शिकवलेलं यंत्र आपण दिलेल्या नावांतलंच एक नाव निवडतं. नवशिके ज्यावर हात बसवतात तो हालचालींच्या नोंदींचा प्रसिद्ध संच पाहा: 19 ते 48 वयाची 30 माणसं, कमरेला फोन, सेकंदाला 50 नोंदी आणि क्रिया सहा. चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. संपली यादी.

आता भोपाळच्या जरदोजी कारागिराकडे या. कापड ताणलेल्या चौकटीशी, म्हणजे अड्ड्याशी, तो मांडी घालून बसलेला असतो. एक हात कापडाखाली धागा धरून, दुसऱ्या हातात आरी, म्हणजे आकडीची सुई. आरी खाली जाते, धाग्याचा फास वर ओढते, लगेच पुढच्या टाक्याला शिरते. कमरेचा फोन म्हणणार, 'बसला आहे'. नमुने शंभरपट करा, उत्तर हेच येईल. कंबर हललेलीच नाही. उद्या अशा नोंदींवर कुणी मजुरी ठरवली, तर दिवसभराची मेहनत रिकामपणात जमा होईल.

बोटांना संवेदक लावू म्हणता? जरूर लावा. पण कोणत्या हाताच्या, कोणत्या बोटाला, आणि एक टाका कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो, हे कारागीरच सांगू शकतो. म्हणून यादी त्याच्याकडून यायला हवी, त्याच्या शब्दांत.

मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनो, पुढचा प्रकल्प हाती घ्याल तेव्हा आधी कारागिराच्या अड्ड्याशी जाऊन बसा. त्याला विचारा, त्याचा होकार घ्या, आणि मगच कॅमेरा लावा.