मुक्या सोबत्याचे आजारपण

माणसाच्या आजारपणाला समाजाने काही रीती घालून दिल्या आहेत. घरात कोणी अंथरुणाला खिळले की शेजारी विचारपूस करतात, कचेरीत रजा मिळते, पतपेढीतून उचल घेता येते आणि उसने मागावयाची वेळ आली तरी मान खाली घालावी लागत नाही. घरातला कुत्रा गंभीर आजारी पडला, म्हणजे यांपैकी काहीच उरत नाही. रजेच्या अर्जात खरे कारण लिहिता येत नाही. रात्रभर जागून सकाळी वर्गावर गेलेल्या शिक्षकाने डोळे का सुजले ते सांगितले, तर सहानुभूतीपेक्षा हसूच वाट्याला यावयाचे. दुःख लपवावे लागते आणि खर्च तर त्याहूनही लपवावा लागतो. छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोतल्या घरांतून आणि गारखेड्याकडच्या सदनिकांतून कुत्रे पाळणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आता अपवादाची राहिलेली नाहीत. हा कोणा एकाच्या हौसेचा खाजगी मामला म्हणून सोडून देण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

पूर्वी कुत्रा वाड्याच्या दारात असे. उरलेसुरले खाई, राखण करी आणि दिवस भरले की एखाद्या कोपऱ्यात जाऊन मरे. त्याच्यावर कोणाचे प्रेम नव्हते असे नाही. पण त्याच्या आजाराला औषध आहे, ही कल्पनाच फारशी कोणाला नव्हती. आज लस आहे, सलाईन आहे, रक्ताची तपासणी आहे, सोनोग्राफी आहे, शस्त्रक्रिया आहे. उपाय नव्हता तोवर सारे दैवावर ढकलता येत होते. उपाय आला, त्याबरोबर निर्णयाची जबाबदारी आली आणि तो निर्णय महिन्याच्या पंचवीस तारखेलाही घ्यावा लागतो. पगारावर जगणाऱ्या कुटुंबाची खरी कोंडी ही आहे.

या कोंडीचे स्वरूप आजारागणिक निराळे असते. पार्व्हो हा विषाणुजन्य रोग १९७८च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून तो पिल्लांचा काळ ठरला आहे. उलट्या आणि रक्ताचे जुलाब यांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत कोरडे पडते. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर सलाईन आणि शुश्रूषा मिळाल्यास बरीचशी वाचतात. मात्र त्यासाठी चार-पाच दिवस दवाखान्याच्या खेपा आणि काही हजारांचा खर्च अटळ असतो. हाच रोग टाळणारी लस काही शे रुपयांत होते. गोचिडांमुळे होणारा ताप लवकर ओळखला तर साध्या औषधांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर रक्त देण्यापर्यंत पाळी येते. शस्त्रक्रिया करून प्रजनन न थांबवलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो आणि तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तर खर्च एकदा करून सुटत नाही. तो महिनोन्महिने चालतो आणि त्याच्या शेवटी बरे होणे नसतेच.

अशा खर्चावर घेतला जाणारा आक्षेप सर्वांच्या परिचयाचा आहे. घाटीच्या दवाखान्यात गरिबाचे नातेवाईक औषधाची चिठ्ठी हातात धरून फिरतात, मराठवाड्यातला शेतकरी कर्जापायी जीव देतो, आणि इकडे कुत्र्याच्या सोनोग्राफीवर पैसे उधळावयाचे, हे कोणत्या नीतीत बसते, असे विचारले जाते. प्रश्न हेटाळणीवारी नेण्यासारखा नाही. तथापि जो हिशेब कुत्र्याच्या औषधाला लावला जातो, तो लग्नातल्या मांडवाला, सोन्याच्या खरेदीला किंवा नव्या मोटारसायकलीला सहसा लावला जात नाही. माणसांच्या दवाखान्यांची दुरवस्था कुत्र्याला औषध नाकारल्याने सुधारत नाही. ज्या घरात मुक्या जिवाचे हाल पाहवत नाहीत, त्या घराला माणसाचे हाल पाहवतात असाही अनुभव नाही. शेतकऱ्याने बैलावर खर्च केला तर कोणी हसत नाही, कारण बैल कमावतो. कुत्रा काही कमावून देत नाही, म्हणून त्याच्यावरचा खर्च ही चैन ठरते. कमावत नाही त्याला औषध नाही, हा न्याय एकदा मान्य केला तर तो कुत्र्यापाशी थांबणार नाही, घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत येईल, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शिवाय ही करुणा कोठून उसनी आणलेली नाही. याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांची कथा घराघरांत सांगितली जाते. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही याच मराठवाड्याचे. महाभारतातला युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी सोबतीच्या कुत्र्यासाठी अडून बसला. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. पशूंच्या चिकित्सेची तरतूद राज्याने करावी, हा विचार तर अशोकाच्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेच्या जोडीने कोरलेला आहे. आजारी कुत्र्याला कुशीत घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या लिपिकाला आपण काही विपरीत करीत आहोत असे वाटण्याचे कारण नाही.

परंतु याच परंपरेची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगावयास हवी. करुणा म्हणजे ऐपतीबाहेरचा खर्च नव्हे. मुलीचे शुल्क, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन आणि घराचा हप्ता बाजूला सारून, व्याजाने पैसे काढून कुत्र्यावर उपचार केले तरच प्रेम खरे, असा एक नवा समज शहरी मध्यमवर्गात मूळ धरू लागला आहे. मुंबईतल्या एखाद्या श्रीमंत घराने जे केले ते आपल्याला करता आले नाही, म्हणून कित्येक माणसे पुढे वर्षानुवर्षे स्वतःला अपराधी मानतात. हा अपराधभाव निराधार आहे. ज्या घराने वेळेवर डॉक्टर गाठला, आपल्या शक्तीप्रमाणे औषध केले आणि शेवटपर्यंत जनावराला जवळ ठेवले, त्या घराने आपले कर्तव्य पुरे केले. बिलाच्या आकड्याने माया मोजावयाची नसते.

आणि काही वेळा पैसे असूनही थांबणेच योग्य असते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. त्याला वाचवणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावर गांधींनी डॉक्टरकरवी सुई देऊन त्याच्या यातना संपवल्या. अहिंसेच्या या उपासकावर देशभरातून टीकेची झोड उठली. पण त्यांनी आपल्या पत्रातून या कृतीचे समर्थन केले आणि ते मागे हटले नाहीत. ज्या जनावराला उद्या बरे वाटण्याची आशाच नाही, त्याला केवळ आपल्याला निरोप देववत नाही म्हणून सलाईनवर ठेवणे ही दया म्हणावयाची की स्वतःची समजूत, हा प्रश्न प्रत्येक घराने डॉक्टरांसमक्ष बसून सोडवावयाचा आहे. पैसे वाचविण्यासाठी बऱ्या होऊ शकणाऱ्या जनावराला सुई देणे वेगळे, आणि यातनांतून सोडविणे वेगळे. या दोहोंतला भेद डॉक्टरांनी सांगितला पाहिजे आणि मालकाने ऐकला पाहिजे.

येथे पशुवैद्यकांच्या जबाबदारीचा प्रश्न येतो. घाबरून आलेल्या माणसाला तीन गोष्टी समजण्याचा हक्क आहे. आजार काय आहे, उपचारानंतर जनावर कितपत आणि कसे जगेल, आणि एकूण खर्च अंदाजे किती येईल. आज तपासणीमागून तपासणी होत राहते आणि आकडा शेवटी कळतो, असा अनुभव अनेकांना येतो. दरपत्रक दवाखान्याच्या भिंतीवर लावणे यात डॉक्टरांना कमीपणा नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय सेवांचे दर इतके वादाचे झाले की तेथील स्पर्धा नियामक संस्थेने २०२३ साली त्यांची पाहणी हाती घेतली आणि २०२५ साली दवाखान्यांनी दर जाहीर करावेत असे सुचविले. तेथील सधन माणसाला जे आवश्यक वाटते ते येथील शिक्षकाला अधिकच आवश्यक आहे. अर्थात डॉक्टरांची बाजूही दृष्टीआड करता येणार नाही. यंत्रे महाग आहेत, रोगी आपले दुखणे सांगू शकत नाही, मालक चार दिवस घरगुती उपाय करून पाचव्या दिवशी येतो आणि जनावर दगावले तर पैसे देण्यास खळखळ करतो. मोकळेपणाने बोलण्याची सवय दोन्ही बाजूंनी लागली पाहिजे.

तथापि सारा भार खाजगी दवाखाना आणि मालक यांच्यावर टाकून शासनाला मोकळे होता यावयाचे नाही. आपली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती शेतीच्या बैलासाठी आणि दुधाच्या जनावरासाठी. ते योग्यच होते. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते १९७२ साली, म्हणजे महाराष्ट्राला होरपळून काढणाऱ्या दुष्काळाच्या वर्षी. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर येणारी फिरत्या दवाखान्याची गाडीही मुख्यतः पशुपालकांच्या दारी जाण्यासाठी आहे. या कामात काडीचीही कपात होता कामा नये. परंतु लाखो वस्तीच्या शहरातला रोगी बदलला आहे, हेही पशुसंवर्धन खात्याने ओळखावयास हवे. मध्यरात्री दम लागलेल्या कुत्र्याला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवरच्या परभणीला न्यावे, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. खडकेश्वरच्या सरकारी पशुचिकित्सालयात रक्ततपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी आणि रात्रपाळीचा एक डॉक्टर यांची कायमची हमी मिळाली, आणि माफक शुल्क घेऊन ती सेवा चालवली, तर खाजगी दरांनाही आपोआप लगाम बसेल.

मुंबईकडे पाहिले तर हे अशक्य नसल्याचे दिसते. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दानशूरांच्या पैशावर उभे राहिले, आणि बैल-घोड्यांसाठी निघालेल्या त्या रुग्णालयात आज कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात. २०२४ साली टाटा न्यासाच्या पुढाकाराने महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. लंडनमध्ये मारिया डिकिन या बाईंनी १९१७ साली गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला, तोही महायुद्ध चालू असताना. संभाजीनगरच्या उद्योजकांनी या शहराचे नाव पुष्कळ गोष्टींत पुढे नेले आहे. महापालिका, पशुसंवर्धन खाते आणि उद्योग यांनी मिळून एक माफक दराचे प्राणी रुग्णालय उभारणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तोवर घराने स्वतः करावयाच्या गोष्टीही थोड्या नाहीत. पिल्लू आणतानाच त्याच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्याचा खर्च मांडून पाहावा. मराठवाड्याच्या उन्हात थंड मुलखातले केसाळ कुत्रे किंवा चपट्या नाकाचे पग पाळण्यापेक्षा येथल्या हवेत रुळलेले गावठी पिल्लू दत्तक घेणे शहाणपणाचे आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत त्या पुऱ्या कराव्यात, रेबीजची लस चुकवू नये, गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि मादीचे प्रजनन वेळीच थांबवावे. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात. त्या मनाने देऊ नयेत. काही कंपन्या कुत्र्यांचा विमा उतरवितात. त्यांच्या वयाच्या आणि लसीकरणाच्या अटी आधी वाचाव्यात. ते जमत नसेल तर पोस्टात एक लहानशी आवर्ती ठेव उघडावी. आपण किती खर्च करू शकतो, याची मर्यादा घरातल्या सर्वांनी कुत्रा धडधाकट असतानाच ठरवावी. दवाखान्याच्या दारात, रडणाऱ्या मुलांसमोर ती ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अडचणीत क्षम्य नाही. आजारी कुत्र्याला गाडीत घालून दौलताबादच्या किंवा पैठणच्या रस्त्यावर सोडून येणे, हा खर्च टाळण्याचा मार्ग नव्हे. तो विश्वासघात आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरविला, पण पहिल्या अपराधाला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. एवढ्या दंडाला कोणी भिणार नाही. येथे धाक चालावयाचा तो शेजारपाजारच्या नजरेचाच. जो शेजारी आजारी कुत्र्यावर खर्च करणाऱ्याला हसतो, त्याने कुत्रा टाकून येणाऱ्याला जाब विचारावयास शिकले पाहिजे. मुक्या जिवाच्या आजारपणाची विचारपूस करण्याइतका मोकळेपणा गल्लीत आणि कचेरीत आला, तर पुष्कळ घरांना हा भार एकट्याने वाहावा लागणार नाही, आणि पुष्कळ कुत्र्यांचे शेवटचे दिवस घराच्या उंबऱ्याआड जातील.